मेंडोझा आडनावाची कुळकथा, आणि मारिया पाचेको

मेंडोझा हे आडनाव तुम्ही कुठं ना कुठं ऐकलंच असेल, मी मात्र रोज ऐकते. नागपूरच्या मिहानमधल्या ज्या कंपनीत मी काम करते तिथं आमच्या टीमचं अर्धं काम मेक्सिकोवाल्यांसोबत चालतं, इकडे संध्याकाळ व्हायला लागली की तिकडे सकाळ होते आणि कॉल सुरू होतात, आणि एकाच कॉलवर दोन-दोन मेंडोझा असतात, एकमेकांचे कोणीही नाहीत. त्यातली एक माझ्याच वयाची आहे. तिचं पहिलं आडनाव वडिलांचं, दुसरं मेंडोझा, म्हणजे आईकडून आलेलं, आणि लग्नाला कितीतरी वर्षं झाली तरी दोन्ही जागच्या जागी आहेत. नवऱ्याचं आडनाव तिनं लावलंच नाही, कोणी विचारलंही नाही.

मला हे ऐकून आधी नवल वाटलं आणि मग जरा टोचलं. माझ्या लग्नात ताटात तांदूळ पसरले होते, त्यात नवऱ्यानं अंगठीनं माझं नाव लिहिलं, आणि चुलत सासूबाई म्हणाल्या, नाव तेच राहू दे हो, छान आहे, आडनाव तर आपलंच आहे आता. सगळे प्रेमानंच बोलून राहिले होते, मलाही त्यावेळी काही वाटलं नाही. पण पुढे डिग्री माहेरच्या आडनावाची, आधार सासरच्या आडनावाचं, आणि एका बँकेत काउंटरवरचा माणूस मला म्हणतो की या दोन्ही बाया एकच आहेत याचं प्रतिज्ञापत्र आणा. त्या दिवसापासून आडनाव हा विषय माझ्या डोक्यातून गेला नाही आणि मेंडोझा हे नाव समोर होतंच, तर त्याचं मूळ शोधायला बसले, रात्री जेवणं झाली की तेच वाचत बसायचं. जे सापडलं ते इथं लिहून ठेवते, आणि त्यात त्या घराण्यातली मारिया पाचेकोही आहे, जिनं आईचं आडनाव लावलं.

तर हे आडनाव म्हणजे मुळात एका गावाचं नाव. उत्तर स्पेनमध्ये बास्क लोकांचा मुलूख आहे, त्यात आलाबा नावाचा प्रांत, तिथलं मोठं शहर वितोरिया, आणि त्याच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावर मेंडोझा नावाचं लहानसं गाव. त्या घराण्याची दगडी गढी तिथं आजही उभी आहे, मधे उंच बुरूज आणि भोवती तटबंदी. बास्क भाषेत मेंदी म्हणजे डोंगर आणि होत्स म्हणजे थंड, म्हणून थंड डोंगर असा अर्थ लावतात. गावावरून आडनाव पडणं आपल्याकडे कोणाला समजवून सांगायची गरजच नाही, उमरेडकर, काटोलकर घरोघरी आहेत, आणि आपल्या महालातल्या भोसल्यांनासुद्धा हिंगणीकर भोसले म्हणतातच की. आपण गावाच्या मागे कर लावतो, ते गावाच्या समोर दे लावतात. दे मेंडोझा, म्हणजे मेंडोझाचे.

पण गावाचं नाव घेऊन फिरणारे तर हजारो असतात, हे नाव एवढं मोठं कसं झालं? त्याचं उत्तर म्हणजे वेळेवर गाव सोडणं. आलाबात त्यांचं आणि गेवारा नावाच्या घराण्याचं पिढ्यान् पिढ्या वैर होतं, मारामाऱ्या, खून, सगळं. १३३२ मध्ये आलाबा प्रांत कास्तीलच्या राजाकडे, अकराव्या आल्फोन्सोकडे गेला आणि मेंडोझांनी भाऊबंदकीची भांडणं मागे टाकून त्या राजाची चाकरी धरली. गोन्सालो यान्येझ दे मेंडोझा माद्रिदच्या ईशान्येला ग्वादालाहारा नावाच्या गावात येऊन स्थायिक झाला, तो १३४० च्या सालादोच्या लढाईत लढलेला. त्याचा मुलगा पेद्रो गोन्सालेझ १३८५ मध्ये पोर्तुगालविरुद्ध अल्जुबारोताच्या लढाईत मेला. राजाचा घोडा पडला तेव्हा यानं आपला घोडा राजाला दिला आणि स्वतः परत रणात गेला अशी कथा स्पेनमध्ये पोवाड्यासारखी गातात. कथा किती खरी ते सोडा, मेला तो खरंच आणि त्यानंतर राजघराण्यानं मेंडोझांचा हात सोडला नाही.

आता इथून पुढचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण या घरातली नावं वाचताना डोकं पहिल्यांदा चक्रावतंच.

घराण्यातला सगळ्यात प्रसिद्ध माणूस इन्यिगो लोपेझ दे मेंडोझा, जन्म १३९८. कवी होता, सेनापती होता, कास्तीलच्या भाषेत पहिल्यांदा इटालियन धाटणीची सुनीतं यानं लिहिली. स्पॅनिशमध्ये आडनावाला शेवटी जो एझ लागतो त्याचा अर्थ अमक्याचा मुलगा, फेर्नांदेझ म्हणजे फेर्नान्दोचा, रोद्रिगेझ म्हणजे रोद्रिगोचा, तसा लोपेझ म्हणजे लोपेचा मुलगा. पण याच्या वडिलांचं नाव लोपे नव्हतंच, दिएगो उर्तादो दे मेंडोझा होतं! म्हणजे तोपर्यंत लोपेझ हा मुलाचा बाप सांगणारा शब्द उरला नव्हता, इन्यिगो लोपेझ दे मेंडोझा असं अख्खंच्या अख्खं नाव एखाद्या पूर्वजाकडून उचलून बाळाला ठेवायचे. आजोबाचं नाव नातवाला देतात तसंच, फक्त पूर्ण गाठोडं. त्यामुळे या वंशावळीत चार-पाच दिएगो उर्तादो, तेवढेच इन्यिगो लोपेझ, तेवढेच पेद्रो गोन्सालेझ, आणि कोण कोणाचा काका हे कळायला कागद-पेन घेऊन बसावं लागतं. मी तर वहीची दोन पानं जोडून झाड काढलं तेव्हा कुठं उमगलं.

या इन्यिगोचे वडील तो सहा वर्षांचा असताना, १४०४ मध्ये वारले. आई लेओनोर दे ला वेगा. नवरा गेला, मुलगा लहान, आणि सगळीकडून नातेवाईक जमिनीवर टपलेले, यात नवऱ्याच्या पहिल्या बायकोची मुलगी आल्दोन्झा दे मेंडोझा पण होती. लेओनोर कोर्टकचेऱ्या करत राहिली, १४३२ मध्ये मरेपर्यंत. उत्तरेकडची सान्तियाना भागातली जहागीर तिच्या माहेरची, आणि इन्यिगोला १४४५ मध्ये जो किताब मिळाला तो सान्तियानाचा मार्केस, म्हणजे ज्या नावानं आज सगळं स्पेन त्याला ओळखतं ते आईच्या मुलखाचं नाव आहे. घराण्याची ढालही बघा, ती फुलीसारखी चार तुकड्यांत वाटलेली आहे, वर-खाली मेंडोझांचा हिरव्या रंगावर तांबडा पट्टा आणि डाव्या-उजव्या बाजूला आवे मारिया, ग्रातिया प्लेना अशी लॅटिन प्रार्थनेची अक्षरं, ती दे ला वेगांची. अर्धी ढाल आईची. मी ते चित्र मोबाईलवर मोठं करकरून पाहिलं.

आणि त्याची मुलं! एकच आई, एकच बाप. मोठा दिएगो उर्तादो दे मेंडोझा, तो पुढे १४७५ मध्ये इन्फान्तादोचा पहिला ड्यूक झाला. दुसरा पेद्रो लासो दे ला वेगा, म्हणजे आजीचं आडनाव. तिसरा इन्यिगो लोपेझ दे मेंडोझा, बापाचंच नाव. चौथा लोरेन्झो सुआरेझ दे फिगेरोआ, हे तर आईच्या वडिलांचं जसंच्या तसं नाव. पाचवा पेद्रो गोन्सालेझ दे मेंडोझा, अल्जुबारोताला मेलेल्या पणजोबाचं. सख्खे भाऊ आणि तीन वेगळी आडनावं, आणि कोणालाही यात काही वावगं वाटत नव्हतं. कोणाच्या नावे कोणती जहागीर यायची आहे, कोणत्या आजोबाची आठवण ठेवायची आहे, त्यावरून आडनाव ठरायचं. आपण समजतो की आडनाव म्हणजे बापाकडून आलेली दगडावरची रेघ आहे, पण त्या काळच्या सगळ्यात खानदानी स्पॅनिश घरातसुद्धा ते तसं नव्हतं.

हा पाचवा पेद्रो म्हणजे कार्डिनल मेंडोझा. राणी इसाबेल आणि राजा फेर्नान्दो यांच्या दरबारात त्याचं एवढं चालायचं की लोक त्याला स्पेनचा तिसरा राजा म्हणायचे. धर्मगुरू असून त्याला मुलं होती आणि ती त्यानं लपवली नाहीत. थोरल्या मुलाचं नाव त्यानं ठेवलं रोद्रिगो दिआझ दे विवार इ मेंडोझा. रोद्रिगो दिआझ दे विवार म्हणजे स्पेनचा तो जुना वीर, एल सिद. मेंडोझा स्वतःला सिदचे वंशज म्हणवायचे, तर सरळ त्याचं नावच मुलाला लावून टाकलं. आपल्याकडेही असं होतंच, घराणं मोठं झालं की मूळपुरुष शोधले जातात, कोणाला सूर्यवंश सापडतो कोणाला चंद्रवंश.

आता मारिया पाचेकोबद्दल लिहायचं आहे, खरं तर तिच्यासाठीच हा सगळा प्रपंच.

कार्डिनलचा पुतण्या तेन्दियाचा काउंट. १४९२ मध्ये ग्रानादा, म्हणजे स्पेनमधलं शेवटचं मुसलमानी राज्य, पडलं तेव्हा तिथल्या अल्हाम्ब्रा किल्ल्याची किल्लेदारी त्याला मिळाली. त्याची बायको फ्रान्सिस्का पाचेको. यांची मुलं म्हणजे लुईस उर्तादो दे मेंडोझा, जो ग्रानादाचा कारभारी झाला, आन्तोनिओ दे मेंडोझा, जो मेक्सिकोचा पहिला व्हाइसरॉय झाला, दिएगो उर्तादो दे मेंडोझा, जो कवी आणि राजदूत झाला. आणि मुलगी मारिया, अल्हाम्ब्रात वाढलेली, लॅटिन-ग्रीक शिकलेली, तिनं आईचं आडनाव लावलं. बहिणींमध्ये मारिया हे नाव आणखीही होतं म्हणून वेगळं ओळखू यावं यासाठी, असं सांगतात. तिचं लग्न तोलेदोच्या हुआन दे पादिया नावाच्या सरदाराशी झालं, हुद्द्यानं तो मेंडोझांपेक्षा बराच खालचा.

१५२० मध्ये राजा कार्लोसविरुद्ध कास्तीलमधल्या शहरांनी बंड केलं, त्याला कोमुनेरोंचं बंड म्हणतात, आणि पादिया त्याचा एक पुढारी. एप्रिल १५२१ मध्ये विलालारला त्यांचा पराभव झाला आणि दुसऱ्याच दिवशी पादियाचं मुंडकं उडवलं. बाकीची शहरं एकामागून एक शरण गेली. तोलेदो गेलं नाही. तिथं मारिया पाचेको होती. नवऱ्याच्या मृत्यूची बातमी आल्यावर काळे कपडे घालून तिनं शहराची सूत्रं हातात घेतली, सैनिकांचे पगार द्यायला चर्चमधली चांदी काढली, आणि कित्येक महिने शहर लढवलं. शेवटी तह झाला, तोही मोडला, आणि फेब्रुवारी १५२२ मध्ये ती वेष पालटून पोर्तुगालला निसटली. पुढे बंडखोरांना सर्वसाधारण माफी जाहीर झाली त्यात तिचं नाव नव्हतं. तोलेदोतलं तिचं घर पाडलं, त्या जागेवर मीठ टाकलं, बंडखोराचं घर इथं होतं असं सांगणारा खांब उभा केला. ती १५३१ मध्ये पोर्तो शहरात परमुलखातच वारली. नवऱ्याजवळ आपल्याला पुरावं एवढी तिची इच्छा होती, तीसुद्धा पुरी झाली नाही.

तिचे भाऊ या काळात राजाच्या बाजूनं होते. ती गेली त्यानंतर चारच वर्षांनी, १५३५ मध्ये, आन्तोनिओ दे मेंडोझा व्हाइसरॉय होऊन मेक्सिकोला गेला, पंधरा वर्षं राहिला, त्याच्याच कारकिर्दीत १५३९ मध्ये अमेरिका खंडातला पहिला छापखाना मेक्सिको शहरात आला. आझ्टेक लोकांच्या इतिहासाची ती चित्रांची प्रसिद्ध पोथी आहे, कोडेक्स मेंडोझा, आता ऑक्सफर्डला ठेवलेली, तिला नाव याचंच. अर्जेंटिनातलं मेंडोझा शहर १५६१ मध्ये वसलं, ते चिलीच्या गव्हर्नर गार्सिया उर्तादो दे मेंडोझाच्या नावानं, आणि तीच ती वाइनवाली जागा. पॅसिफिकमधल्या मार्केसास बेटांचं नाव पण याच गार्सियाच्या मार्केस या किताबावरून पडलं. पुरुषांची नावं अशी नकाशावर पसरली आणि त्याच घरातल्या मारियाच्या वाट्याला पाडलेलं घर आलं. तिनं लावलेलं आडनाव मात्र कोणाला पुसता आलं नाही, स्पेनमध्ये आजही शाळेतल्या मुलांना मारिया पाचेको माहीत आहे.

बरं, मग आमच्या कॉलवरचे दोन मेंडोझा कुठून आले? रक्तानं कदाचित त्या थंड डोंगराशी त्यांचा काहीच संबंध नसेल. मेक्सिकोत बाप्तिस्मा देताना जो मोठा माणूस धर्मपिता म्हणून उभा राहायचा त्याचं नाव नव्या ख्रिश्चनाला मिळायचं. मेक्सिकोतल्याच मिचोआकान राज्याच्या शेवटच्या राजाला स्पॅनिश लोकांनी १५३० मध्ये ठार केलं, त्याचा मुलगा आन्तोनिओ उइत्सिमेंगारी, त्याच्या नावात मेंडोझा आला तो व्हाइसरॉय त्याचा धर्मपिता होता म्हणून. राजपुत्राचं हे, तर खेड्यापाड्यातल्यांचं काय सांगावं. गुलामांना मालकाचं आडनाव लागायचं. स्पेन-पोर्तुगालमधून निघालेल्या ज्यू घराण्यांतही मेंडोझा होते, त्यांच्यातलाच डॅनिएल मेंडोझा हा लंडनमध्ये १७६४ ला जन्मला आणि इंग्लंडचा बॉक्सिंग चॅम्पियन झाला, अंगानं लहानखुरा पण पायांच्या हालचालीनं भल्याभल्यांना हरवायचा. आणि फिलिपिन्समध्ये तर २१ नोव्हेंबर १८४९ ला गव्हर्नर क्लावेरियानं हुकूमच काढला की सगळ्यांनी कायमचं आडनाव घ्यायचं. त्यासाठी आडनावांची भलीमोठी छापील यादी केली आणि तिची पानं गावागावांत वाटली, म्हणून तिथं काही गावांमध्ये सगळ्यांची आडनावं एकाच अक्षरानं सुरू व्हायची.

म्हणूनच त्या दुकानांचा मला मनापासून राग येतो जी ऑनलाइन मेंडोझा घराण्याची ढाल फ्रेम करून विकतात, तुमचं आडनाव टाका, पैसे भरा, सरदार व्हा. ढाल एखाद्या घराण्याची असते, आडनावाची नसते. मेक्सिकोतल्या ज्या बाईच्या खापरपणज्याला मालकाचं नाव चिकटवलं गेलं तिला त्याच मालकाची ढाल विकायची, हे मला बरोबर वाटत नाही. आमच्या आईच्या गावी भाट यायचे ते आठवतात, लांबट वही उघडून एका दमात पिढ्या वाचायचे, आबाजी पाटावर बसून ऐकायचे आणि शेवटी नवीन जन्मलेल्यांची नावं त्यात लिहून घ्यायचे. त्या वहीत अमुक कुठून उठून कुठं आला, कोणती जमीन घेतली हे असायचं, निदान ती आमचीच माणसं होती. पण मुलगी जन्मली की नाव लिहायचे नाहीत. आजी बाजूला चुलीजवळ बसून असायची, तिनं कधी ऐकलं नसेल की तिचंही नाव कुठल्या वहीत आहे.

स्पेनमध्ये दोन आडनावांची पद्धत सगळ्यांसाठी पक्की झाली ती १८७० च्या नागरी नोंदणी कायद्यानं आणि मग १८८९ च्या दिवाणी संहितेनं. पहिलं बापाचं, दुसरं आईचं. लग्नानं बाईचं आडनाव बदलत नाही. पिकासो हे तर आईकडचं, पाब्लो रुइझ पिकासो, रुइझ वडिलांचं, आणि सही करताना त्यानं वडिलांचं गाळून टाकलं. तरी या पद्धतीत एक गोम होतीच, पुढच्या पिढीला दोघांचीही पहिलीच आडनावं जायची, म्हणजे दुसरं, आईचं, नातवंडापर्यंत गळून जायचं. १९९९ मध्ये कायदा बदलला आणि आईचं आधी लावायची मुभा मिळाली, पण आईबापांनी मागितलं तरच. आणि ३० जून २०१७ पासून तर बापाचं आधी हे गृहीतच धरत नाहीत, दोघांनी मिळून क्रम सांगायचा, जमलं नाही तर नोंदणी अधिकारी बाळाचं हित बघून ठरवतो. पहिल्या मुलाला जो क्रम दिला तोच पुढच्या भावंडांना. सान्तियानाच्या मार्केसच्या घरात मुलांची आडनावं वाटून दिली जायची, तेवढं मोकळं नाही, पण आईचं नाव समोर येऊ शकतं.

आपल्याकडे महाराष्ट्रातही बदल झालाय, १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या कागदांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. माझ्या नणंदेला त्यानंतर मुलगी झाली, दाखल्यावर तिच्या नावापुढे आईचं नाव आलं तेव्हा घरात सगळ्यांनी तो कागद हातोहात फिरवून पाहिला, सासूबाईंनी दोनदा. मला खूप बरं वाटलं. पण आईचं नाव आलं, आईचं आडनाव नाही आलं. नणंदेचं माहेरचं आडनाव म्हणजे आमच्या घराचं, ते तिच्या मुलीच्या कागदावर कुठंच नाही, आणि माझ्या माहेरचं, ते कर वालं, काटोलकडच्या एका गावाचं, ते माझ्या मुलाच्या कागदावर कुठंच नाही. माझ्या भावाला मुलं नाहीत, म्हणजे आमच्या शाखेत ते माझ्यापाशीच थांबलं. मेक्सिकोवाल्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग तू मुलाला दोन्ही लाव ना. मी नवऱ्याशी बोलले, तो म्हणाला कर, मला काहून अडचण असेल. राजपत्रात नाव बदलायचा फॉर्म आणून ठेवलाय, मुलाची दहावी व्हायच्या आत भरायचा आहे, कारण एकदा मार्कशीटवर नाव छापून आलं की मग परत तेच प्रतिज्ञापत्र. कोणी मुलाच्या नावात आईचं आडनाव टाकून घेतलं असेल तर कागदपत्रं काय लागली ते खाली नक्की सांगा.